जमिनीखालचा हिशेब

पेट्रोलपंपावर उभे असता आपली नजर स्वाभाविकच समोरच्या यंत्रावरील आकड्यांकडे लागलेली असते. आकडे शून्यावरून निघाले की नाही, किती लिटर झाले, किती रुपये झाले, एवढे आपण पाहतो आणि पैसे देऊन मार्गस्थ होतो. परंतु ज्या साठ्यातून हे पेट्रोल वर येते तो साठा आपल्याला कधीच दिसत नाही. तो आपल्या पायांखाली, काँक्रीटच्या खाली पुरलेल्या पोलादी टाक्यांत असतो. त्यात काल किती होते, रात्री किती आले, आज किती उरले, तळाशी पाणी आहे की नाही, एखाद्या सांध्यातून थेंब थेंब जमिनीत मुरतो आहे की काय, या साऱ्या गोष्टी अंधारात असतात. आज आपल्या देशात नव्वद हजारांहून अधिक पेट्रोलपंप आहेत, आणि त्यांतील प्रत्येकाच्या पोटात असा एक अंधार आहे. या अंधारात डोकावण्याची साधने कोणती, ती कशी काम करतात आणि त्यांच्यावर किती विसंबावे, याविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

यांतील सर्वांत जुने साधन म्हणजे खुणा केलेली काठी. पंपावरील माणसे तिला डिपरॉड म्हणतात आणि तिने साठा मोजण्याच्या क्रियेला ‘डिप घेणे’ म्हणतात. टाकीचे तोंड उघडावे, काठी सरळ तळापर्यंत सोडावी, वर काढावी आणि ती जेथपर्यंत भिजली असेल तो आकडा वाचावा. टाकीसोबत एक कोष्टक मिळते. त्यात त्या उंचीसमोर लिटर लिहिलेले असतात. काठीच्या टोकाला एक विशिष्ट पेस्ट लावली की पाणी लागताच तिचा रंग बदलतो, आणि तळाशी पाणी किती चढले आहे तेही कळते. हे साधन स्वस्त आहे, त्याला वीज लागत नाही, ते सहसा बिघडत नाही. काठीची निंदा करण्याचे काही कारण नाही. तिच्या भरवशावर या धंद्याचा व्यवहार कित्येक दशके चालला.

तथापि काठीच्या मर्यादा समजून घ्यावयाच्या तर प्रथम टाकीचा आकार ध्यानात घेतला पाहिजे. ही टाकी उभ्या पिंपासारखी नसते. ती आडव्या लोळणाऱ्या पिंपासारखी असते. त्यामुळे तिच्यातील उंची आणि साठा यांचे प्रमाण सरळ नाही. समजा, टाकी वीस हजार लिटरची आहे, तिचा व्यास दोन मीटर व लांबी सुमारे साडेसहा मीटर आहे. ती निम्म्या उंचीपर्यंत भरली तर साठा निम्मा, म्हणजे दहा हजार लिटर, हे खरे. परंतु पाव उंचीपर्यंत भरली तर पाच हजार लिटर असतील असे मानणारा फसेल. तेथे चार हजारांहूनही किंचित कमी भरतात. तळाचा पहिला एक सेंटिमीटर जेमतेम बारा लिटरांचा असतो, तर मध्यभागचा एक सेंटिमीटर सव्वाशे लिटरांहून अधिक असतो. म्हणजे मधल्या उंचीवर काठी वाचणाऱ्याची नजर अर्धा सेंटिमीटर चुकली, तर साठ लिटरांचा फरक पडला! त्यातून टाकी जमिनीत किंचित कलली असेल, काठी थोडी तिरपी गेली असेल, वाचण्यापूर्वी पेट्रोल उडून भिजल्याची खूण पुसट झाली असेल, तर चुकीत आणखी भर पडते. ही माणसाची लबाडी नव्हे; साधनाचाच हा स्वभाव आहे.

दुसरी अडचण उष्णतेची. पेट्रोल तापले की प्रसरण पावते, आणि ते पाण्यापेक्षा कितीतरी अधिक पावते. ढोबळ मानाने एका अंशाच्या वाढीने हजार लिटरमागे एक लिटरभर फरक पडतो. उन्हातून आलेला बारा हजार लिटरांचा टँकर जमिनीखालच्या थंड टाकीत रिता केला आणि ते इंधन दहा अंशांनी निवले, तर सव्वाशे लिटरांच्या आसपास पेट्रोल कोणी न चोरताच ‘नाहीसे’ होते. वजन तेवढेच राहते, आकारमान घटते. म्हणूनच पंपावर घनता मोजतात, ती पंधरा अंश सेल्सियसच्या प्रमाण उष्णतामानास आणून नोंदतात, आणि टँकरसोबत आलेल्या कागदावरील आकड्याशी ताडून पाहतात. हा हिशेब ठाऊक नसणारा मालक चालकावर संशय घेतो, चालक डेपोवर बोट ठेवतो, आणि तपासनीस मालकावर. अशा भांडणांत अनेकदा खरा गुन्हेगार केवळ ऋतूच असतो.

तिसरी गोष्ट पाण्याची. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसते. पावसाळ्यात टाकीच्या तोंडाभोवतीच्या खड्ड्यात पाणी तुंबले आणि झाकण नीट बसले नसले, तर ते आत झिरपते. पूर्वी हे पाणी निदान वेगळे राहत असे. २०२३ पासून आपल्या देशात वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री सुरू झाली, आणि प्रश्नाला नवे रूप आले. इथेनॉलला पाण्याची ओढ फार. थोडे पाणी ते पोटात सामावून घेते. पण मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून फुटून निघतात व तळाशी वेगळा थर धरतात. हा थर शुद्ध पाण्याचा नसल्यामुळे काठीवरची नेहमीची पेस्ट त्याला ओळखीलच असे नाही. आणि पंपाची नळी तर तळाजवळूनच इंधन ओढीत असते. त्या वेळी ज्याची मोटारसायकल नोझलपाशी उभी असेल, त्याच्या टाकीत काय जाईल हे सांगावयास नको.

आता नव्या साधनाकडे वळू. आज असंख्य पंपांच्या टाक्यांत वरपासून तळापर्यंत एक बारीक धातूची नळी कायमची उभी केलेली असते. तिला प्रोब म्हणतात. तिच्यावर दोन फ्लोट, म्हणजे तरंगणारी कडी, ओवलेली असतात: एक इंधनाच्या पृष्ठभागावर तरंगते, दुसरे इंधनात बुडून पाण्याच्या पृष्ठभागावर ठरते. दोहोंत लोहचुंबक असतात. नळीच्या आत एक विशिष्ट धातूची तार ताणलेली असते. चुंबकीय क्षेत्रात लोखंडाची लांबी अत्यल्प प्रमाणात बदलते, हे जेम्स जूल या शास्त्रज्ञाने १८४२ साली दाखवून दिले होते. त्याच जातीच्या गुणधर्माचा येथे उपयोग केला आहे. वरून तारेत विजेचा एक क्षणिक ठोका सोडला की चुंबक जेथे असेल तेथे तारेला सूक्ष्म पीळ बसतो, आणि त्या पिळाची लहर तारेतून सेकंदाला जवळजवळ तीन किलोमीटर वेगाने वर येते. ठोका सोडल्यापासून लहर पोहोचेपर्यंत किती वेळ गेला हे मोजले की चुंबक किती खोलीवर आहे ते कळते. विहिरीत खडा टाकून आवाज येईपर्यंतच्या वेळेवरून पाण्याची खोली अजमावावी, तसाच हा प्रकार. मात्र येथे अजमास नाही, मिलिमीटरच्या अंशापर्यंतचे माप आहे. नळीत वेगवेगळ्या उंचीवर उष्णतामापकही बसविलेले असतात. अलीकडे काही प्रोबवर घनता मोजण्याची, तसेच इथेनॉल-पाण्याचा तो थर ओळखण्याची सोयही केलेली आढळते. टाकीचे कोष्टक यंत्राच्या स्मरणात असते. त्यामुळे उंची, लिटर, पाणी व उष्णतामान हे चारही आकडे दिवसरात्र पंपाच्या कचेरीत उमटत राहतात, आणि तेथून ते तेल कंपनीच्या मुख्य कार्यालयातही जाऊ शकतात.

हे सारे पाहून एखादा म्हणेल, ‘मालकाला काठी बुडविण्याचा त्रास वाचला, इतकेच ना?’ वस्तुतः फरक याहून मोठा आहे. दुकानदारीचे जे साधे समीकरण आपल्या आजोबांच्या खतावणीतही होते, तेच येथे लागू पडते: आरंभीचा साठा, अधिक आवक, वजा विक्री, म्हणजे अखेरचा साठा. टाकीतील प्रोब साठा व आवक सांगतो. नोझलवरील मीटर विक्री सांगतो. दोन्ही साक्षीदार परस्परांपासून स्वतंत्र आहेत. त्यांची साक्ष जुळली नाही, की कोठेतरी पाणी मुरते आहे असे समजावे, कधी कधी तर अक्षरशः!

याचे एक उदाहरण घेऊ. २०१७ च्या उन्हाळ्यात लखनौ येथे आणि त्यानंतर लवकरच ठाणे भागातही पोलिसांनी पेट्रोलपंपांवर छापे घातले, तेव्हा काही यंत्रांत छुपी करामत करून ग्राहकाला माप कमी दिले जात असल्याचे आढळून आले. पडद्यावर एक लिटर दिसावे आणि टाकीत त्याहून कमी पडावे, अशी ती युक्ती. ग्राहक आकडा पाहतो, त्यामुळे तो निर्धास्त असतो. परंतु आता टाकीचा विचार करा. समजा, लिटरमागे पन्नास मिलिलिटर मारले आणि दिवसाकाठी मीटरवर पाच हजार लिटरांची विक्री दिसली, तर टाकीतून प्रत्यक्षात पावणेपाच हजारच गेले. अडीचशे लिटर शिल्लक राहिले. आपल्या वीस हजार लिटरांच्या टाकीत मधल्या उंचीवर ही शिल्लक दोन सेंटिमीटर भरते. म्हणजे चोराने ग्राहकाचा खिसा कापला खरा, पण कापलेला माल त्याच्याच तळघरात त्याच्याविरुद्ध साक्ष देत उभा राहिला. काठीच्या काळात वहीत सोयीचा आकडा लिहून हा वाढावा झाकता येत असे. प्रोब मात्र कोणाच्या सोयीचा आकडा लिहीत नाही. मध्यरात्री टँकरची नोंद नसताना टाकीतील पातळी वर चढली, तर तेही त्याच्या नोंदीत राहते. आणि अशा अवेळी चढणाऱ्या पातळीचा अर्थ बहुधा भेसळ हाच असतो.

तूट येते तेव्हा चोरीइतकीच दुसरी एक शक्यता ध्यानात घ्यावी लागते, ती म्हणजे गळती. या बाबतीत अमेरिकेचा अनुभव बोधप्रद आहे. तेथे जमिनीत पुरलेल्या असंख्य जुन्या पोलादी टाक्या गंजल्या आणि त्यांतील इंधन विहिरींच्या पाण्यात उतरू लागले. १९८४ साली तेथील काँग्रेसने याविषयी कायदा केला आणि १९८८ साली पर्यावरण संरक्षण संस्थेने सविस्तर नियम घातले. पुढच्या काळात तेथे अशा गळतीची पाच लाखांहून अधिक प्रकरणे निश्चित झाली. टाकीतील यंत्राने गळती शोधावयाची तर ताशी ०.२ गॅलन, म्हणजे पाऊण लिटर, इतकी सूक्ष्म गळती त्याने पकडली पाहिजे, असा दंडक त्या नियमांत आहे. पाऊण लिटर म्हणजे फार नव्हे असे वाटेल. पण महिन्याला ते पाचशे लिटरांवर जाते. आणि ती पकडणे किती नाजूक आहे पाहा: आपल्या टाकीत मध्यभागी एवढ्या गळतीने पातळी तासाला मिलिमीटरच्या सोळाव्या हिश्शाइतकीच उतरते, उलट दहा हजार लिटरांचे उष्णतामान अंशाच्या दहाव्या हिश्शाने बदलले तरी लिटरभराचा फरक पडतो. म्हणजे गळती आणि गारवा यांतील भेद ओळखता आला पाहिजे. काठीला हे कधीच साधले नसते. आपल्या देशात, जेथे कोट्यवधी लोकांच्या घागरी आजही विहिरींवर आणि बोअरवेलवर भरतात, तेथे या सूक्ष्म मापाचे मोल मी निराळे सांगण्याची गरज नाही. गावच्या विहिरीला एकदा पेट्रोलचा वास लागला की तो वर्षानुवर्षे जात नाही.

आतापर्यंत आपण यंत्राचे गुण पाहिले. परंतु या विषयाला एक मानवी बाजू आहे, आणि ती विसरून चालणार नाही. जोवर टाकीत काय आहे हे जाणण्यासाठी एखाद्या माणसाला प्रत्यक्ष पंपावर जावे लागते, तोवर सत्य जाणण्याची सारी जोखीम त्या एका माणसाच्या शिरावर असते. षण्मुगम मंजुनाथ हे इंडियन ऑइलचे तरुण विक्री अधिकारी उत्तर प्रदेशातील लखीमपूर खेरी जिल्ह्यात काम करीत होते. भेसळीबद्दल कारवाई केलेल्या एका पंपाच्या तपासणीस गेले असता १९ नोव्हेंबर २००५ रोजी त्यांचा गोळ्या घालून खून झाला. तेव्हा त्यांचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते. आपल्या महाराष्ट्रात मनमाडजवळ २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी इंधनाची चोरी आणि भेसळ चालू असल्याचे पाहून तेथेच हटकले, आणि त्यांना जिवंत जाळण्यात आले. हे दोघेही जे पाहावयास गेले होते ते फार मोठे रहस्य नव्हते. कोणत्या टाकीत काय आहे आणि ते कोठून आले, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

या दोन नावांच्या पार्श्वभूमीवर प्रोबचे खरे महत्त्व मला दिसते. जे आकडे एका माणसाच्या वहीत आणि एका तपासनिसाच्या डोळ्यांत होते, ते आता एकाच वेळी अनेक ठिकाणी उमटतात. एका साक्षीदाराला धमकावता येते. दहा ठिकाणी झालेली नोंद धमकीने पुसत नाही. केवळ एकट्यादुकट्याच्या धैर्यावर सचोटी टांगून ठेवणारी व्यवस्था ही त्या धैर्यवान माणसावर अन्यायच करीत असते. यंत्राने त्याच्या धैर्याची गरज संपत नाही. पण त्याचे एकटेपण काही अंशी संपते.

‘काही अंशी’ असे मी जाणूनबुजून म्हणतो. कारण यंत्र सांगते, पण ऐकणारा लागतो. टाकीतील पातळी दाखविणारे यंत्र असूनही काय घडू शकते, याचे उदाहरण पेट्रोलपंपाचे नसून एका मोठ्या तेलसाठ्याचे आहे. परंतु धडा तोच आहे. इंग्लंडमध्ये लंडनच्या उत्तरेस बन्सफील्ड येथे ११ डिसेंबर २००५ च्या पहाटे एका टाकीत पेट्रोल भरले जात होते. तीनच्या सुमारास पातळीदर्शकाचा आकडा एका जागी अडकला. पेट्रोल चढत राहिले, आकडा मात्र हलेना. टाकी भरताच पुरवठा बंद करण्यासाठी दुसरे स्वतंत्र साधन होते. तेही निकामी स्थितीत होते. अडीच लाख लिटरांहून अधिक पेट्रोल वाहून गेले, त्याच्या वाफेचा ढग पसरला आणि सहा वाजता प्रचंड स्फोट झाला. रविवारची पहाट असल्याने प्राणहानी टळली, तरी चाळीसहून अधिक माणसे जखमी झाली. पुढे चौकशीत निष्पन्न झाले की तोच पातळीदर्शक आधीच्या साडेतीन महिन्यांत चौदा वेळा अडकला होता. चौदा वेळा यंत्राने आपली प्रकृती बरी नसल्याचे सांगितले होते, आणि त्याचे मूळ कारण दूर करण्यात आले नव्हते.

धोक्याचा आणखी एक प्रकार नव्या काळाचा आहे. हे आकडे दूरवर पाठवावयाचे तर ते जाळ्यातून जातात, आणि जेथून मालक पाहू शकतो तेथून परकाही डोकावू शकतो. २०१५ साली सुरक्षा संशोधकांना टाक्यांच्या मापनाची सुमारे ५,८०० यंत्रे इंटरनेटवर सांकेतिक शब्दाशिवाय उघडी आढळली. त्यांपैकी बहुतेक अमेरिकेतील होती. घराला भक्कम दार बसवून कुलूप न लावण्यासारखेच हे झाले. म्हणून प्रोब बसविला की कर्तव्य संपले असे मानणाऱ्याने काठीच हातात ठेवलेली बरी. किंबहुना ती ठेवावीच. प्रोब खरे बोलतो आहे की नाही हे अधूनमधून काठीने पडताळून पाहणे, तळाचे पाणी काढणे, झाकणे घट्ट ठेवणे, तफावत दिसताच त्याच दिवशी तिचे कारण शोधणे, ही कामे यंत्र करीत नाही.

ग्राहकाच्या बाजूनेही एक कर्तव्य उरते. माप कमी वाटले तर पंपावर ठेवलेल्या पाच लिटरच्या प्रमाणित मापात पेट्रोल मोजून दाखवा, असे म्हणण्याचा त्याला हक्क आहे. त्या दिवशीची घनता विचारण्याचाही हक्क आहे. तो बजावताना संकोच वाटावा असे काही नाही, आणि प्रामाणिक पंपचालकाला त्याचा राग येण्याचेही कारण नाही. उलट अशा पडताळणीचा सर्वांत मोठा लाभ त्यालाच होतो. हिशेब अंधारात असला की संशयाची छाया सर्वांवर सारखीच पडते. जो लबाड त्याच्यावर, आणि जो सचोटीचा त्याच्यावरही. मध्यरात्री निवलेल्या पेट्रोलामुळे आलेली तूट ही तूट नव्हे, हे आज तो पुराव्यानिशी दाखवू शकतो. तोंडच्या ग्वाहीवर त्याला अवलंबून राहावे लागत नाही.

वजने-मापे खरी असावीत, हा सुराज्याचा फार जुना दंडक आहे. तागडी लोकांच्या डोळ्यांसमोर धरली जात होती तोवर तो पाळला जातो की नाही हे कोणालाही दिसत असे. आता माल जमिनीखाली गेला, माप विजेच्या आकड्यांत गेले, आणि सामान्य माणसाच्या डोळ्यांना दिसेनासे झाले. टाकीतील ती बारीक नळी तागडी पुन्हा उजेडात आणते. तिच्याकडे वेळच्या वेळी पाहणे आणि ती जे सांगेल त्याची दखल घेणे, हे काम मात्र पूर्वीप्रमाणेच माणसांकडे राहिले आहे.